मास्तरांचे कान

मास्तर गेले त्याला आता महिना होईल. मागच्या आठवड्यात टीव्ही केंद्रातून एका मुलीचा फोन आला. "मावशी, मास्तरांच्या आठवणींचा कार्यक्रम करतोय. तुम्ही त्यांच्या फ्लोअर मॅनेजर होतात ना? दोन मिनिटं बोलाल का? काहीतरी गोड सांगा." आता काय बोलावं! बावीस वर्षं दर शनिवारी मी त्या माणसाच्या समोर उभी होते, आणि हिला दोन मिनिटं हवीत, तीही गोड. तरी गेले. या वयात तोंडाला रंग फासून घेतला आणि कॅमेऱ्यासमोर सांगितलं की मास्तर फार वेळेवर यायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आले ती स्वतःवरच इतकी चिडले होते की चपला न काढता स्वयंपाकघरात जाऊन बसले. वेळेवर यायचे म्हणे! घड्याळही वेळेवर असतं. जे सांगायला हवं होतं ते पुन्हा एकदा गिळून आले होते मी. म्हणून आता सगळं सांगते, आणि कुणी मध्ये बोलू नका.

मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे, आणि ते शाळेत शिकवतही नसत. ते पियानो सुरात लावायचे. चामड्याची एक पिशवी, त्यात किल्ल्या, लोकरीच्या पट्ट्या आणि सूर बघायचा एक दोन दातांचा काटा. घरोघरी, शाळांत, हॉटेलांत जायचे, तासभर तारा पिळायचे आणि निघून यायचे. आमच्या स्टुडिओतही महिन्यातून एकदा यायचे. आमचा शनिवारचा गाण्यांचा कार्यक्रम तेव्हा नवाच होता. हौशी माणसं यायची, पोस्टमन, दातांच्या डॉक्टरीणबाई, शाळकरी पोरं, कुणाची आजी. सहा वादक साथीला, त्यांचा म्होरक्या व्हायोलिनवाला. आणि निवेदक म्हणून एक कुरळ्या केसांचे गृहस्थ होते, ते प्रत्येक गाण्यानंतर "वा वा, अप्रतिम!" म्हणायचे. कावळा गायला असता तरी हेच म्हणाले असते.

एका शनिवारी या कुरळ्या केसांना कांजण्या आल्या. कार्यक्रम थेट जायचा, चाळीस मिनिटं उरली होती, आणि आमचे दिग्दर्शक पॅसेजमध्ये डोकं धरून फिरत होते. तेवढ्यात त्यांना पियानोखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले.

"अहो, तुम्हाला बोलता येतं का?"

"येतं," पायांकडून उत्तर आलं. "पण फार बोलत नाही."

"चालेल! उठा!"

त्या दिवशी पहिलेच एक जाडे गृहस्थ गायले, कुठल्याशा कचेरीतले मोठे साहेब होते. गाणं संपलं. मास्तर जरा खाकरले आणि म्हणाले, "साहेब, दुसऱ्या ओळीपासून तुम्ही खाली उतरलात ते परत वर आलाच नाहीत." हेडफोनमध्ये दिग्दर्शक म्हणाले, "संपलं. आता माझी नोकरी गेली." पण साहेबांनी विचारलं, "मग काय करू?" मास्तर पियानोपाशी गेले, एक पट्टी दाबली, आणि ती एकच ओळ त्यांच्याकडून चार वेळा म्हणून घेतली. तीनदा नाही जमली. चौथ्यांदा जमली आणि मास्तर लहान पोरासारखे हसले. "बसला सूर," म्हणाले. एवढंच.

सोमवारी पत्रांची दोन पोती आली. कुरळे केस बरे होऊन परत आले तोवर त्यांची जागा गेली होती.

आज हे कुणाला सांगून पटत नाही, पण शनिवारी साडेसहाला रस्ते ओस पडायचे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या आणि प्रत्येक घरात तेच गाणं चालू असायचं. तुम्ही अख्खी गल्ली चालत गेलात तरी एक ओळ चुकायची नाही. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते शेजाऱ्यांच्या दारात चपलांचा ढीग करायचे. आणि "बसला सूर" तर लोकांच्या तोंडी इतकं बसलं की काही विचारू नका. आमचा शिंपी बटण काजात गेलं की म्हणायचा, बसला सूर. माझा नवरा डब्याला झाकण लागलं की म्हणायचा. एक न्हावी कार्यक्रमात गाऊन गेला होता, त्याला मास्तरांनी ते म्हटलं होतं, तर त्यानं दुकानात आरशाच्या वर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, खाली तारखेसकट. कारण मास्तर ते उगाच म्हणायचे नाहीत. दहांतल्या आठांना म्हणायचे नाहीत. मंत्र्याच्या सुनेलाही म्हणाले नव्हते, आणि त्यावरून जे रामायण झालं ते वेगळंच.

इतकं नाव झालं पण माणूस बदलला नाही. दुपारी चारला यायचे, कोट काढून खुंटीला अडकवायचे आणि आमचा पियानो स्वतः लावायचे. आलेल्या पत्रांना स्वतः उत्तरं लिहायचे. मला "फौजदार" म्हणायचे, कारण मी स्टुडिओत सगळ्यांवर ओरडायचे. ओरडू नको तर काय करू? फ्लोअर मॅनेजरचं काम म्हणजे सासू आणि पोलीस दोन्ही. वर काचेमागे दिग्दर्शक बसतो, तो माझ्या कानात बोलतो, आणि मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून हातवारे करून खाली सगळ्यांना सांगते. थेट कार्यक्रमात आवाज काढता येत नाही ना. पाच बोटं म्हणजे पाच सेकंद, हात फिरवला की आटपा, गळ्यावरून बोट फिरवलं की बंद. कार्यक्रम संपल्यावर मास्तर दर वेळी माझी परीक्षा घ्यायचे. "फौजदार, तिसरी मुलगी कुठे उतरली?" आधी मी अंदाजपंचे ठोकायचे. पाचसात वर्षांत मला खरंच कळायला लागलं. माझ्या कानाला त्यांनीच वळण लावलं.

एकोणिसाव्या वर्षी एका शनिवारी चारला मी आत आले तर मास्तर पियानोच्या झाकणावर गाल टेकून बसलेले, डोळे मिटलेले, एक बोट पट्टीवर.

"मास्तर, अहो घरी झोप होत नाही का?"

उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. मग मी वळसा घालून समोर गेले. ते दचकले. माझ्या ओठांकडे बघत होते, डोळ्यांकडे नाही, आणि तिथेच मला समजलं.

"उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेला," ते म्हणाले. "डावाही निघालाय. लाकूड हलतं ते गालाला कळतं, त्यावर पियानो लावतोय. गाणाऱ्यांचं मात्र आता काही कळत नाही. आज वर जाऊन सांगून टाकतो."

त्यांना त्याच वेळी जाऊ द्यायला हवं होतं. पण मी भडकले. "कशाला? आणि मग काय, ते कुरळे केस परत आणायचे? मी आहे ना! माझे कान काय भाजी निवडायला ठेवलेत? मी ऐकते आणि तुम्हाला हातानं खूण करते." खरं सांगू? त्यांच्यासाठी बोलले असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण तो शनिवार माझाही होता. मास्तर गेले असते तर मी उरलेले सहा दिवस कशाच्या आशेवर काढले असते?

ते आठवडाभर विचार करत होते. पुढच्या शनिवारी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "फौजदार, एकच अट. मला ना चेहरा, ना बोलण्याची लकब. लोक माझ्याकडे फक्त खरं ऐकायला येतात. तुझा हात एकदा जरी खोटं बोलला तर माझं सगळं गेलं."

"मेले तरी बोलणार नाही," मी म्हटलं.

खुणा सोप्या होत्या. पंजा छातीपाशी आडवा धरला की सूर बसला. कमरेशी नेला की उतरला. खांद्याशी नेला की चढला. कुठल्या कडव्यात ते बोटांनी. माझे हात एरवीही हलतच असायचे, कुणाला शंका येणार! तीन वर्षं असं चाललं. वादकांना नाही, दिग्दर्शकांना नाही, घरी माझ्या नवऱ्यालाही पत्ता नव्हता. आणि तीन वर्षांत एकदाही चुकले नाही मी. कामावरून घरी जाताना मनात म्हणायचे, आज अकराजणांना खरं सांगितलं आपण. मोठं समाधान होतं त्याचं.

मग माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीनं अर्ज केला.

एकुलती एक, एकोणीस वर्षांची, दुसऱ्या गावी राहायची. मला न सांगता अर्ज टाकला. निवड करणारं खातं वेगळं होतं, तिथल्या बाईंनी घेतलं तिला. बुधवारी यादी माझ्या हातात आली. त्याच वेळी जाऊन सांगायचं होतं, मास्तर, ही माझी भाची, या शनिवारी हिचं गाणं नको. एका वाक्याचं काम. पण मी विचार केला, पोरगी गाते तर गोड. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! सगळ्या घरानं लहानपणापासून तिला "किती छान, किती छान" करून ठेवलं होतं आणि त्यात माझाही आवाज होता.

शुक्रवारी बहिणीचा फोन आला. निळा झगा तिनं स्वतः शिवला होता, दोनदा उसवून. शेजारपाजारची पंचवीस माणसं बोलावली होती, दोन घरांतून खुर्च्या आणल्या होत्या. "ताई, तू आहेस ना तिथे," ती म्हणाली. "मग मला कसली काळजी!"

पोरीचा नंबर तिसरा होता. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात ती घाबरली आणि घसरायला लागली, आणि शेवटाला तर स्वच्छ अर्धा सूर खाली होती. मला ऐकू येत होतं. माझ्या कानाला वळण लावलं होतं ना त्यांनी! गाणं संपलं. ती झग्याची चुणी मुठीत धरून उभी, आणि तिनं मास्तरांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मास्तरही माझ्याकडेच बघत होते.

हात कमरेशी जायला हवा होता. मी तो छातीपाशी धरला.

"माझ्या हातून झालं" असं म्हणायची सोय आहे आपल्या भाषेत. पण झालं नाही, मी केलं. चांगले चार सेकंद होते माझ्याकडे, आणि त्या चार सेकंदांत मी त्या पंचवीस खुर्च्या मोजल्या.

मास्तर हसले. "बसला सूर," म्हणाले.

टाळ्या जरा उशिराच वाजल्या. भाची उडी मारून माझ्या अंगावरच येणार होती, मी डोळ्यांनीच तिला थोपवलं आणि पुढच्या गाण्यासाठी पाच बोटं वर केली. घरी बहिणीचा फोन वाजत होता, ती आनंदानं रडत होती. मला मात्र जेवण गेलं नाही.

सोमवारी पत्रं आली. टपाल बघणारी आमची मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "मास्तर आज दोन तास बसले होते गं. पन्नासेक पत्रं एकाच मुलीबद्दलची. त्यातलं एकच परत परत वाचत होते." कुणा निवृत्त गायनशिक्षिकेचं होतं. फक्त दोन शब्द. "मास्तर, तुम्हीसुद्धा?"

बहिऱ्या माणसाला फोन तरी काय करणार, कप्पाळ! घरी जायला हवं होतं. मंगळवारी म्हटलं उद्या जाऊ. बुधवारीही म्हटलं उद्या जाऊ. शनिवार उजाडला.

चारला ते आले, पण पियानो लावला नाही. कोट घालूनच खुर्चीवर बसून राहिले. मी समोर जाऊन तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "नंतर," म्हणाले. साडेसहाला लाल दिवा लागला. ते जागेवर उभे राहिले आणि बोलायला लागले.

"गेल्या शनिवारी इथे एक मुलगी गायली. मी म्हटलं, सूर बसला. तो बसला नव्हता. ज्यांनी कळवलं त्यांचे उपकार. मुलीची काही चूक नाही, सूर उतरणं हा गुन्हा नव्हे. चूक माझी आहे. मला तीन वर्षांपासून ऐकू येत नाही. तरी इथे उभा राहिलो, कारण मला ही जागा सोडवत नव्हती."

हेडफोनमध्ये दिग्दर्शक किंचाळत होते. "काय चाललंय हे? थांबव त्याला! बंदची खूण दे!" मी हेडफोन काढून गळ्यात अडकवला. त्या आठवड्यात मी एवढं एकच काम बरं केलं.

"त्या मुलीनं चांगल्या कानाच्या माणसाकडे शिकावं," मास्तर म्हणाले. "आणि तुम्ही सगळ्यांनी मला क्षमा करावी. येतो." आणि माझ्या शेजारून चालत बाहेर गेले. माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. वीसेक सेकंद रिकामा मंच सगळ्या घरांत दिसत होता, मग व्हायोलिनवाल्यानं शहाणपण करून साथीदारांना वाजवायला लावलं.

तेच भाषण आज सगळीकडे दाखवतात. शाळांमध्ये लावतात म्हणे. त्या आठवणींच्या कार्यक्रमातही लावलं आणि ती निवेदिका पोर डोळे पुसत होती. पण तेव्हा काय झालं ते मी बघितलंय. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, तीन वर्षं हा माणूस अंदाजानं बोलत होता. झालं, लोकांनी तेच धरलं. त्या तीन वर्षांत ज्यांना मास्तरांनी शाबासकी दिली होती ते सगळे मनातून खचले. त्या न्हाव्याचं तर त्याच काळातलं होतं. एक दिवस बघते तर आरशाच्या वर पांढरा रंग मारलेला. मी दुकानाबाहेर उभी राहिले, आत जाऊन सांगावं की बाबा रे, तुझा सूर बसला होता, मी स्वतः ऐकलाय. नाही गेले. सांगितलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं, नोकरी गेली असती. मूग गिळून गप्प बसले.

तर आता ऐका. त्या तीन वर्षांत मास्तर ज्याला जे म्हणाले ते अक्षर न् अक्षर खरं होतं. एक सोडून. आणि ते एक माझं आहे, त्यांचं नव्हे.

बहीण वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं, मास्तरांनी पोरीची अब्रू काढली आणि मी हात बांधून उभी राहिले. भाची दोन दिवस रडली आणि मग सावरली, तरुण पोरी सावरतात. ती आता बँकेत आहे, न्हाणीघरात गाते, दुसऱ्या कडव्याला उतरते आणि खुशाल गाते.

मास्तरांकडे जायला मला अकरा महिने लागले. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, काही न विचारता चहा टाकला. दारामागे खिळ्याला पिशवी लटकत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही आणि पेन्सिल ठेवलेली, आल्यागेल्यानं लिहून बोलायचं. मास्तर मला बघून मनापासून खूश झाले. "फौजदार! किती उशीर!" त्यांचा आवाज जरा मोठा झाला होता, स्वतःला ऐकू येत नव्हता ना.

मी बसले आणि लिहिलं. ती माझी भाची होती. मला सूर उतरलेला कळला होता. तरी मी हात छातीशी धरला. तुमचं सगळं मी घालवलं, आणि नंतर तोंडही उघडलं नाही.

त्यांनी चष्मा लावला. खूप वेळ वाचलं, चार ओळींना लागू नये इतका वेळ. मला वाटलं आता वही फेकतील. फेकली असती तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी त्या संध्याकाळी व्हायोलिनवाल्याकडेही बघितलं होतं," ते म्हणाले. "मुलगी गात होती तेव्हा तो तोंड वाकडं करून वाजवत होता. वीस वर्षं मी त्याचं तोंड ओळखतो."

मी वही ओढली. मग तरी तसं का म्हणालात, असं लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

मास्तरांनी वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं.

"अगं, तुझा हात छातीशी होता," ते म्हणाले. "मला वाटलं, त्याची दाढ दुखत असेल."